तिसरी तार

चर्र झालं आणि दुपारच्या चिडीचूप घरात नशवानने कोंडलेला श्वास सोडला.

"तापली," तो कुजबुजला. "इस्त्रीची तार जमली बघ."

पहिली तार जुन्या हीटरची होती, ती तापेचना. दुसरी बायकोच्या, इख्लासच्या, केस वाळवायच्या मशीनमधली. त्या तारेने तंबाखूत भिजवलेला कापूसच जाळला आणि दोघं ओल्या चादरी हलवत वास हाकलत बसली. मोसुलात आता तंबाखूवर बंदी, धुराचा वास म्हणजे बोटांवर बेतणं. गेल्या जुम्म्याला शेजारच्या अबू सफवानची दोन बोटं भर चौकात हातोडीने ठेचली, अख्ख्या गल्लीला बघायला लावून. म्हणून नशवानची ही खटपट. तंबाखू ग्लिसरिनमध्ये मुरवायचा, वर गुलाबपाणी घालायचं, बॅटरीवर तार तापवून नळीतून नुसती वाफ ओढायची. धूर नाही, राख नाही.

"अबू तैबा," इख्लासने लेकीच्या नावाने त्याला हाक मारली, "एका झुरक्यापायी हात घालवून बसशील."

"हातांना काम तरी कुठं उरलंय?" त्याने नळी ओढली आणि दचकून बाजूला केली. उकळता थेंब उडून ओठाला चिकटला होता. बघता बघता टरारून फोड आला. "फार तापतेय. एक वेढा वाढवायला हवा."

तेवढा वेळ मिळालाच नाही. दार लाथेनेच उघडलं. हिस्बाचे दोघे, नव्या राजवटीचे धर्मपोलीस. पहिल्याने बंदुकीचा दस्ता नशवानच्या तोंडावर घातला. दात फरशीवर घरंगळत गेला. मग त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. दुसऱ्याने कमरेची हातोडी काढली.

"हे काय आहे?"

"पोरीचं औषध." नशवान रक्त थुंकला. "छाती भरते तिची. वाफ देतो."

तैबा इख्लासच्या झग्याला घट्ट धरून उभी होती. रात्रभर खोकली होती, तेवढं मात्र खरं होतं. तिचा गरम श्वास इख्लासला कपड्यातून मांडीला लागत होता.

हातोडीवाल्याने नळी हुंगली. मग तो पोरीपुढे उकिडवा बसला. "ये बाळा. माझ्याही लेकीची छाती भरते. तू ओढून दाखव. औषध असलं तर आम्ही चाललो, बाबांना हातसुद्धा लावत नाही."

त्याने बटण दाबलं. तार लाल झाली. चर्र. एक थेंब उडून फरशीवर पडला. आत अख्ख्या पाकिटातल्या तंबाखूचा अर्क होता, एवढ्याशा पोरीला विषच.

इख्लासने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. टेबलावरची बोटं मुठीत आवळून घेतली होती.

तैबाने शहाण्या मुलीसारखी नळी दोन्ही हातांत धरली आणि मान वर करून आईला विचारलं,

"यम्मा, ओढू?"