सहापैकी दोन ओळी

"थांबा! कात्र्या खाली ठेवा!" मालक ओरडत बागेत शिरले, तेव्हा सहापैकी चार ओळी विरळून झाल्या होत्या. वेलींखाली वाटाण्याएवढ्या हिरव्या मण्यांचा सडा पडला होता.

"झालं काय, भाऊ?" भोयेबाईंनी विचारलं. पेठ तालुक्यातल्या बारा बायकांची टोळी घेऊन त्या वीस वर्षं द्राक्षबागांत येत होत्या. "निम्मे मणी काढले, की उरलेले चांगले फुगतात."

"ते खायच्या द्राक्षांचं झालं, मावशी! हा वेल ग्रीसचा. असिर्तिको. याची पांढरी वाइन होते. मणी फुगला, की पाणचट झाला. तीन वर्षांनी पहिला बहर धरला होता." मालकांनी खाली पडलेले मणी मुठीत उचलले. "उद्यापासून टोळी आणू नका."

बायकांचे चेहरे उतरले. ऐन हंगामात सगळ्या बागांच्या टोळ्या आधीच ठरलेल्या; दुसरी बाग कुठून मिळणार?

"बारीक मणी हवा, हे आम्हाला सांगितलं कुणी?" भोयेबाई म्हणाल्या. "त्या दारूत असं आहे तरी काय, ते दाखवा. मग हाकला."

मालक तणतणत खोलीवर गेले आणि ग्रीसची बाटली घेऊन आले. बाईंनी एक घोट तोंडात घोळवला. कच्च्या कैरीला मीठ लावावं तशी चव होती.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या, "हे कापलं होय आम्ही?"

मग त्या उरलेल्या दोन ओळींसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "पोरींनो, इकडे आता कुणी फिरकायचं नाही."

मालकांनी बाटलीला बूच लावलं.

"उद्या सगळ्याजणी या," ते म्हणाले. "पलीकडे खायची द्राक्षं आहेत. तिथे हवं तेवढं विरळा."