हिरवा दिवा

पिंगला उत्तर येईना.

शिहाबनं पुन्हा पिंग मारलं. पिंग म्हणजे दूरच्या यंत्राला नुसतं "आहेस का?" असं विचारणं. पलीकडे चिडीचूप.

घरचं इंटरनेट आचके देत होतं, म्हणून मुलाखतीसाठी तो स्फाक्स शहराच्या सार्वजनिक वाचनालयात येऊन बसला होता. दारातच ग्रंथपाल मादाम सलवांनी रिवाजाप्रमाणे त्याच्या लॅपटॉपचा आवाज स्वतःच्या हातानं बंद केला होता. त्यानं मुलाखतीची लिंक उघडली. चकती फिरू लागली. दुसऱ्या कुणी जरा वाट पाहिली असती. शिहाब पडला लिनक्सवाला. त्यानं हुकूम टाइप करायची काळी खिडकी पडदाभर उघडून थेट तपास सुरू केला.

नोकरी अजून लागायची होती. आईनं आनंदाची मिठाई म्हणून तिचे खजुराचे मकरूद मात्र कालच गल्लीभर वाटून टाकले होते.

"ब्राउझर उघडून बघ की," धीर द्यायला आलेला त्याचा मित्र मुअतझ कुजबुजला.

"ते कुणीही बघतं. मी मुळाशी जातोय."

त्यानं नेटवरचे पत्ते शोधणारी डीएनएसची फाईल बदलली. जुनी परत आणली. फायरवॉल उलटीपालटी केली. पिंग. चिडीचूप.

"हा वरचा हिरवा दिवा कसला रे?"

"चार्जिंगचा."

"चार्जर तर माझ्या पिशवीत आहे."

"गप रे गाढवा! तिकडे मुलाखत घेणारे ते तिघं खुर्च्या उबवत बसले असतील. साधी वायर तरी ओळखता येते का त्यांना?" त्यानं पुन्हा पिंग मारलं. "आईला काय सांगू? घरोघर जाऊन मकरूद परत मागू?"

मुअतझनं त्याच्यापुढे रुमाल सरकवला.

मुलाखतीची वेळ टळून अर्धा तास झाला. शिहाबनं डोळे पुसले, आणि लॅपटॉप मिटण्याआधी काळी खिडकी बंद केली.

तिच्या मागे, मुलाखतीच्या खिडकीत, तिघंजण बसले होते. मधल्या बाईंनी हात हलवला. कडेला त्यांचे निरोप साचले होते.

"सलाम. तुमचा कॅमेरा चालू आहे. तुम्ही दिसताय."

"तुमचं ऐकूही येतंय."

"वाचनालयात पिंग बहुधा बंद असतं."

"मकरूद परत मागू नका."

शिहाबनं आवाज सुरू केला. मादाम सलवांची मान वळली.

"तर," बाई शांतपणे म्हणाल्या, "जागा नेटवर्क दुरुस्तीची आहे. पहिला प्रश्न. नेट चालू आहे की नाही, हे तुम्ही सगळ्यात आधी कुठे बघाल?"