डोळे मिटून

"आमेन," म्हणत प्रोफेसर अडोमाकोंनी डोळे उघडले आणि पलंगाच्या कठड्यावरचा हात काढला. कुमासीच्या त्या इस्पितळात परीक्षासुद्धा प्रार्थनेशिवाय सुरू होत नसे. पलंगाशेजारी उभे असलेले म्हातारे पेशंट, नाना ड्वोमो, तेही भक्तिभावानं आमेन म्हणाले.

परीक्षेला बसलेल्या सेर्वाची ही दुसरी खेप होती. गेल्या परीक्षेत नसलेलं लक्षण तिनं 'दिसलं' म्हणून ठोकून दिलं होतं आणि याच सरांनी तिला घरी पाठवलं होतं. आज नापास झाली, तर डॉक्टर होणं कायमचं राहिलं.

"नानांना तपास आणि लक्षणाचं नाव सांग," सर म्हणाले. "थापा नकोत."

ते खाली बघत, धपधप पावलं टाकत खुर्चीकडे गेले. सरांचं काहीतरी जमिनीवर हरवलंय, असं पोरं त्यांच्या माघारी म्हणत.

सेर्वानं नानांना निजवून पायाच्या तळव्यावरून किल्ली ओढली. अंगठा खाली वळला. म्हणजे अंगठा वर उचलला जाण्याचं ते बाबिन्स्कीचं लक्षण नाही. हातापायांची ताकद ठीक होती, गुडघेही ठीक.

"पोरी, रोमबर्ग म्हण," नाना पुटपुटले. "दरवर्षी मलाच आणतात. बिनधास्त म्हण."

तिनं त्यांना पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला लावले. नाना झुलले, पडायलाच आले. तिनं झटकन धरलं. डोळे मिटताच तोल जाणं, हेच तर रोमबर्ग नावाच्या डॉक्टरनं दाखवून दिलेलं, पायांना जमीन नीट न कळण्याचं लक्षण. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडेना.

"हं, नाव?"

"नाव नाही, सर. नाना धडधाकट आहेत. मुद्दाम झुलले."

"विचार करून बोल. ही शेवटची संधी आहे."

"मघाशी प्रार्थनेत ते पाय जुळवून, डोळे मिटून उभे होते. जरासुद्धा हलले नाहीत."

"तुला कसं कळलं?"

"माझे डोळे उघडे होते."

"देवासमोर?"

"भीती वाटत होती, सर."

सरांच्या ओठांवर हसू आलं, पेन कागदाकडे वळलं. आपण पास झालो, हे तिला कळलं. इथं गप्प बसली असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण तिला राहवेना.

"सर, प्रार्थनेत झुलले ते तुम्ही. डोळे मिटल्या मिटल्या. कठडा धरलात म्हणून पडला नाहीत."

पेन थांबलं. सर चिडले की घाबरले, तिला कळेना.

नाना शर्टाची बटणं लावत सरांकडे वळले.

"ऐकलंस, याव? ही विद्या तुला मी शिकवली. महिनाभर कानीकपाळी ओरडतोय, स्वतःला तपासून घे म्हणून, तर म्हणतोस, मास्तर, तुमची नजर म्हातारी झाली. मग आता हिच्या नजरेचं काय?"

अडोमाकोंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि पलंगावर पाय पसरून आडवे झाले.

"तपासा," ते सेर्वाला म्हणाले, "डॉक्टर."