किटलीची शिट्टी

"आजपासून या शेडमध्ये वाफेचं युग पुन्हा सुरू होतंय!" इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या आमच्या गल्लीतल्या सिरिलने जाहीर केलं. ऐकायला मी आणि त्याचं मांजर. मांजर लगेच उठून गेलं.

त्याचं वाफेचं इंजिन बुटाच्या खोक्यात मावेल एवढं, पण त्याचा प्रत्येक स्क्रू सिरिलने स्वतः घडवलेला. विनिफ्रेडने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा तरी शेडमध्ये येऊन ते बघावं, एवढीच त्याची इच्छा. "तुझी खेळणी तुलाच लखलाभ," म्हणून तिने कधी उंबरा ओलांडला नव्हता.

पाणी उकळलं. चाक अडखळलं आणि मग झकास फिरू लागलं. सिरिलने शिट्टी वाजवली. घरातून विनिफ्रेड चहादाणी हातात घेऊनच धावत आली.

"आलीस!" सिरिल म्हणाला.

"न येऊन सांगते कुणाला? चोरा, माझ्या किटलीची शिट्टी आहे ती! मी घरभर शोधतेय."

सिरिलने मान खाली घातली. ती मात्र फिरत्या चाकाकडे बघतच राहिली.

"गोड फिरतंय रे," ती हळूच म्हणाली आणि हातातली चहादाणी पुढे केली. "उकळलंच आहे, तर दोन कपांपुरतं पाणी ओत यात."