कॅप्सूल मुकी झाल्यावर

हेमांगीच्या दंडात बसवलेली कॅप्सूल बंद पडून महिना झाला होता. श्रीरंगचीही. त्या चालवणारी कंपनी बुडाली आणि शरीरातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांतही कामेच्छा जागवणारं संप्रेरक, मोजून कमी पडेल तेवढं सोडणाऱ्या सगळ्याच कॅप्सूल मुक्या झाल्या. दोघांची ओळखच मुळी उपचार केंद्रातली. कॅप्सूलशिवाय त्यांनी एकमेकांना कधी अनुभवलंच नव्हतं.

श्रीरंग हल्ली बाहेरच्या खोलीत झोपायचा. आज तर तो कपाटातले आपले कपडेही उचलून न्यायला लागला, तेव्हा नवऱ्याची वाट अडवून ती दारात उभी राहिली.

"मी नकोशी झाले का?"

त्याने हातातले कपडे छातीशी धरले. "इच्छाच होत नाही गं. जवळ आलीस तर तुला कळेल, याची धास्ती वाटते."

हेमांगीने दारावरचा हात खाली घेतला. महिनाभर तीही हेच लपवत होती.

"मलाही होत नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला ते कळलं, म्हणूनच तू बाहेर झोपतोस."

श्रीरंग कपडे मांडीवर घेऊन पलंगावर बसला. "डॉक्टरांकडे जाऊया. कॅप्सूलच्या आधीही लोक औषधं घेतच होते."

"जाऊ. पण दोघांनी एकदमच आत जायचं," ती म्हणाली आणि त्याच्या मांडीवरचे कपडे उचलून कपाटात ठेवू लागली.