घाडीचं उपरणं

हळर्णच्या जत्रेत दुपारी देवळासमोरच घाडीकाकांच्या मुलीला फीट आली. "पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात स्प्रे मारा, दवाखाना येईपर्यंत वाट बघू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. स्प्रे काकांच्या कमरेलाच होता. पण "काका, अंगारो लावा!" म्हणत माणसं भोवती जमली. गावासाठी देवीला गाऱ्हाणं घालणाऱ्या घाडीनं स्वतःच्या लेकीला औषध दिलेलं कसं दिसेल? काकांनी अंगारा लावला. आठ मिनिटं गेली, ओठ निळे पडले, तेव्हा तिच्यावर उपरणं पांघरून त्यांनी आत चोरून स्प्रे मारला. अंग सैल पडलं. "देवी पावली!" लोक ओरडले. तान्ही मुलगी घेऊन एक बाई पुढे आली. "काका, माझ्या चेडवाकय झटके येतत. अंगारो द्या, डॉक्टराचां औषद आजपासून बंद करतंय." काकांनी उपरण्याखाली स्प्रे लपवलेली मूठ सगळ्यांसमोर उघडली.