ब्लँक कॉल

रुग्णवाहिकेच्या मदतकेंद्रात मी प्रोग्राम लिहिते. ब्लँक कॉलमुळे ऑपरेटर वैतागायचे, म्हणून मीच अट घातली: पलीकडून दहा सेकंद कुणी बोललं नाही, तर फोन कापायचा; नाहीतर ऑपरेटरला जोडायचा. साहेबांनी पाठ थोपटली. महिन्याभरानं शेजारणीला आई जमिनीवर पडलेली सापडली, हातात लँडलाइनचा रिसीव्हर. डॉक्टर म्हणाले, "पक्षाघातानं आधी वाचा गेली. तासभर लवकर आणलं असतं, तर वाचल्या असत्या." कामावर परतल्यावर नोंदी उघडल्या. आईच्या नंबरावरून तीन कॉल, प्रत्येक दहा सेकंदांचा. मी अट काढायला घेतली. साहेब म्हणाले, "लाइनी तुंबतील. वीस सेकंद करा." मी दहाचे वीस केले. संध्याकाळी दादानं विचारलं, "तिचा फोन आला होता का गं तुमच्याकडे?" "नाही." "मग मलाच लावत असणार," तो म्हणाला. "माझा फोन बंद होता."